अवेळचा भोंगा

५ नोव्हेंबर

चि. चिमीस,
दादाचा आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मिळालं होतं. लगेच उत्तर लिहिणार होतो, पण आधी डोळे आले, मग पेन सापडेना, आणि आता जे घडलंय त्याने बाकी सगळं डोक्यातून गेलं. साहेब गेले हे तुला माझ्या आधी कळलं असणार. तू राजधानीत राहतेस. आमच्याकडे बातमी पोचेपर्यंत शिळी होते.

मी न्हाव्याकडे बसलो होतो. कारखान्याच्या फाटकासमोरचं तेच दुकान. अर्ध्या गालाला साबण, आणि रेडिओवरचं गाणं मध्येच तुटलं. न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता, तो तिथेच थांबला. मी म्हटलं, "अरे बाबा, आधी वस्तरा तरी काढ." तर म्हणतो, "काका, अशा वेळी बोलू नये." पलीकडे शिंपी बसला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "खरंच गेले, की मागच्यासारखं?" मागे एकदा असंच उठलं होतं आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांची काय गत झाली ते तुला ठाऊक आहे. आम्ही तिघंही आरशात बघत राहिलो. कोणी कसं तोंड करावं तेच कळेना.

खरं सांगू का, मलाही काय वाटलं ते कळलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा भिंतीवर साहेबांचाच फोटो होता. पोरगा झाला तेव्हाही. तुझी वहिनी गेली तेव्हा दवाखान्यात तिच्या खाटेच्या वर तोच. आपण म्हातारे झालो, फोटो मात्र तसाच राहिला. आमच्या गल्लीतली नळावरची म्हातारी धाय मोकलून रडली, आणि ते खोटं नव्हतं. नळ साहेबांनीच दिला. फाटकासमोर गोळीबार झाला तोही साहेबांच्याच काळात. ज्याच्या वाट्याला जे आलं ते.

पण माझ्या जिवाला घोर लागलाय तो वेगळाच. आमच्या कागद कारखान्याची रीत तुला माहीत आहे. मीच आयुष्यभर बॉयलरघरात काढलं, आता तुझा भाचा तिथे आहे. आपल्यातलं कोणी गेलं की आम्ही भोंगा वाजवत नाही. त्या सकाळी भोंगा मुका राहतो, आणि गावाला समजतं. आणि वेळ नसताना भोंगा वाजला तर त्याचा अर्थ एकच, बॉयलर बंद पडला, भरपगारी घरी जा. अवेळी भोंगा ऐकला की लोक हातातलं टाकून हसत-ओरडत फाटकाकडे पळतात. माझ्या बापाच्या काळापासून असंच.

त्या दिवशी मॅनेजरचा बॉयलरघरात फोन आला. अकरा वाजता भोंगा वाजव, शोक पाळायचाय. पोरगा म्हणाला, "साहेब, अवेळी वाजवला तर लोकांचा गैरसमज होईल." मॅनेजर म्हणाला, "वरून आलंय. शहाणपणा नको." आत यंत्रांच्या आवाजात कोणाला बातमीच कळली नव्हती. पोराने भोंगा वाजवला.

चिमे, मी साबण लावलेल्या तोंडाने दुकानाच्या दारात उभा होतो. सगळी पाळी हसत बाहेर आली. कोणी टोप्या उडवल्या, कोणी शिट्ट्या मारल्या. रद्दी निवडणाऱ्या बायका एकमेकींना ढकलत, खिदळत. आणि फाटकावरचा झेंडा निम्म्यावर उतरवलेला. त्याचा फोटो काढायला वर्तमानपत्राचा माणूस आलेला होता. त्याने तो काढला.

काही होणार नाही ना गं? तू लवकर लिही. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
दादा

*

१० नोव्हेंबर

दादास नमस्कार.

तुझं पत्र वाचताना मलाच धाप लागते. एक वाक्य संपत नाही तोवर दुसरी काळजी हजर. लहानपणी ढग दिसला तरी तू छत्री उघडून घरात बसायचास.

इकडची मजा ऐक. अंत्यदर्शनाची रांग आमच्या घरावरून गेली. वरच्या मजल्यावरची बाई रांगेत दोनदा बेशुद्ध पडली. पहिल्यांदा पडली तेव्हा कॅमेरा दुसरीकडे होता. समोरचे वकील गेल्या महिन्यापर्यंत दार लावून साहेबांना शिव्या द्यायचे. आता दंडाला काळी फीत, आणि ती निसटू नये म्हणून दोन टाचण्या. यांच्या छापखान्यात तर काळी शाई संपली. जिकडेतिकडे फोटो, फोटोभोवती काळी चौकट. हे घरी येतात तेव्हा नखं काळी. मी म्हटलं, हात धुतल्याशिवाय ताटावर बसू नका, दुखवटा सरकारला, आपल्या घराला नाही. तर यांनी उठून खिडकी लावली.

आता तुझ्या त्या फोटोचं. दादा, तो इथल्या पेपरातही आलाय. पहिल्या पानावर. खाली लिहिलंय, "राष्ट्र रडत असताना". कारखान्याची पाटी स्पष्ट दिसते. कडेला दुकानाच्या दारात एक म्हातारा आहे, तोंड पांढरं. मी यांना म्हटलं, हा दादा नसावा. तूच आहेस. हसत नाहीयेस एवढं नशीब.

पण पोराने हुकूम पाळला, त्यात त्याचा काय दोष? मॅनेजरने फोन केला हे मॅनेजर सांगेलच. तरीही पोराला चार दिवस इकडे धाड ना. त्याच्यासाठी एक मुलगी बघून ठेवलीये, दात थोडे पुढे आहेत पण त्याचे कान कुठे मागे आहेत. वहिनी असती तर एव्हाना नातवंडं खेळवत असती. शेवटची आंघोळ मी तिला माझ्या हातांनी घातली, तेव्हा मनात म्हटलं होतं, तुझ्या पोराचं मी बघीन. ते राहूनच जातंय.

आणि असलं काही पत्रात फार लिहीत जाऊ नकोस. माझं हे पत्र वाचलंस की बंबात घाल. तुझं मी घातलं.

तुझी,
चिमी

*

१७ नोव्हेंबर

चि. चिमीस,
आशीर्वाद.

तू म्हणालीस फार लिहू नको, पण लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. मग कोणाशी बोलू?

मॅनेजरने कानावर हात ठेवले. म्हणतो, मी फोन केलाच नाही, भोंगेवाल्याने आपल्या मनाने वाजवला. ठरवून वाजवला, लोकांना हसायला बाहेर काढलं. पोराशिवाय तो फोन कोणी ऐकलेला नाही. बॉयलरच्या आवाजात शेजारचा खोकला ऐकू येत नाही, तर फोन काय ऐकणार.

फाटकाशी एक पांढरी गाडी उभी असते. आत बसलेली माणसं पेपरातला फोटो हातात धरून बाहेर पडणाऱ्या एकेका तोंडाकडे बघतात. त्यांनी मुकादमाला नेलं. तो परत आलाय, पण पूर्वी ज्याच्या तोंडाचा पट्टा बंद व्हायचा नाही तो आता नमस्कारालाही फक्त मान हलवतो. मी विचारलं, "काय विचारलं रे तुला?" तर म्हणाला, "काका, पाऊस येईलसं दिसतंय." आकाश लख्ख होतं.

आता जो तो सांगतो की आपण हसत नव्हतोच. एका रद्दीवालीचं म्हणणं, उन्हाने तोंड वाकडं झालं म्हणून तिचे दात दिसले. एक जण म्हणतो, मी रडतो तेव्हा माझं तोंड असंच वासतं, बायकोला विचारा. बायकोनेही हो म्हणून सांगितलं. मग न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांनी रडून दाखवलं म्हणे, कोणाचं तोंड कसं होतं ते बघायला. न्हावी मला हे सांगताना हसला नाही. मीही नाही. हसायची सवयच मोडत चाललीये.

आणखी एक. आमच्याकडे लगद्यासाठी जुनी रद्दी येते. त्यात साहेबांचे जुने फोटो असतात, निवडणुकीतले, कॅलेंडरावरचे. आता हुकूम निघालाय, तो चेहरा असलेला एकही कागद हौदात जाता कामा नये. बायका दिवसभर चेहरे निवडून बाजूला रचतात. गोदामात इतके साठलेत की आत शिरलं की सगळीकडून तेच बघतायत असं वाटतं. कोणाला विचारायची सोय नाही की यांचं पुढे करायचं काय.

पोरगा घरी नाही. कुठे आहे ते विचारू नकोस. कामाला जाताना रोज डबा न्यायचा, तो डबा फळीवर आहे. मी तो रोज धुतो. का धुतो माहीत नाही.

जावईबापूंची वर ओळख आहे ना? त्यांनी कोणाच्या कानावर घालावं, की पोरगा साधा आहे, त्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. हुकूम आला म्हणून त्याने दोरी ओढली.

तुझा,
दादा

*

२२ नोव्हेंबर

दादास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाकिटाचा डिंक ओला होता. इतके दिवस प्रवास करून आलेल्या पाकिटाचा डिंक ओला कसा, असं मी पोस्टमनला विचारलं. त्याने माझ्याकडे न बघता पुढचं दार वाजवलं.

यांना काल ऑफिसात बोलायला बोलावलं होतं. उशिरा आले. जेवले नाहीत. मी काही विचारलं की पाणी मागतात. माझी मेली जीभ, मी म्हटलं, नदीच आणून ठेवते उशाशी. तेव्हा हे रडायला लागले. इतक्या वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

इथल्या पेपरात रोज कोणाचं ना कोणाचं नाव येतं, साहेबांचा अपमान केला म्हणून. एका शाळेतल्या बाईंनी त्या दिवशी फुलाफुलांची साडी नेसली होती.

मी सांगेपर्यंत पोराला कुठेही पाठवू नकोस. आधी इकडे ये म्हटलं होतं, ते विसर. तुझी सगळी पत्रं मी जाळली. एकही ठेवलं नाही.

आता लिहू नकोस. मी लिहीन.

चिमी

*

२९ नोव्हेंबर

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. तू उगाच काळजी करतोस. भिण्याचं काहीच कारण नाही. चौकशी करणारी माणसं अत्यंत समंजस आहेत. त्यांना फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत, म्हणजे प्रकरण मिटेल. उलट तो लपून राहिला तर संशय वाढेल.

तेव्हा त्याला माझ्याकडे पाठवून दे. पुढच्या गुरुवारच्या सकाळच्या गाडीने पाठव. हे स्वतः स्टेशनवर घ्यायला येतील, सोबत ऑफिसातले दोघे-तिघे असतील, म्हणजे सामानाला मदत होईल. तो सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांचाही पत्ता कळव, त्यांचे आभार मानायचे आहेत.

वहिनीला माझा नमस्कार सांग. तिलाही बरोबर पाठव, तेवढाच तिला बदल होईल. तिचे गुडघे कसे आहेत? तिला गाडी लागते, म्हणून खिडकीजवळ बसव. तिच्या वाटेकडे मी डोळे लावून बसले आहे.

उलट टपाली उत्तर दे.

तुझी बहीण,
चिमी

*

(हे वीटभट्टीच्या लॉरीवाल्याच्या हाती देतोय. वाचून झालं की भट्टीत टाक.)

बाळा,

आत्याचं पत्र आलंय. ते वाचून मला आधी आनंदच झाला, हे तुला सांगितलं पाहिजे. समंजस माणसं आहेत, दोन गोष्टी विचारायच्यात, प्रकरण मिटेल. इतके दिवस हेच तर कोणीतरी म्हणावं म्हणून मी जीव टाकत होतो. मी तुझी पिशवी भरली. स्वेटर घातला, डबा घातला. स्टेशनवर जाऊन गुरुवारचं तिकीट काढून आलो. लॉरीवाल्याला निरोप द्यायला निघालोच होतो.

चप्पल घालताना वाटलं, पत्र पुन्हा एकदा वाचावं. शेवट मी घाईत वाचला होता. त्यात आत्याने तुझ्या आईला नमस्कार सांगितलाय. तिचे गुडघे कसे आहेत विचारलंय. तिला तुझ्याबरोबर पाठव म्हणते.

पहिल्यांदा वाटलं, चिमीचं डोकं फिरलं. काळजीने माणसाचं होतं असं. मी उंबऱ्यातच बसलो. मग कळलं, बाळा. तुझ्या आईला शेवटची आंघोळ आत्याने घातली. तिचे केस तिने विंचरले. ती हे विसरेल? तुझ्या आईचे गुडघे कधी दुखले नाहीत. तिला गाडी कधी लागली नाही, गाडीत तर ती सगळ्या डब्याला गोष्टी सांगायची.

अक्षर आत्याचंच आहे, पण त्या पत्रात ती नाही. एक विनोद नाही, मला एक टोमणा नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून सांगत होतं आणि ती लिहीत होती. त्यांना काय ठाऊक, आपल्या घरात कोण जिवंत आहे आणि कोण नाही. तिला लिहू दिलं तेवढ्यातून तिने आपल्याला सांगितलं.

तेव्हा तू तिकडे जायचं नाही. घरीही यायचं नाही. लॉरीवाला डोंगरापलीकडे माल टाकायला जातो, तो नेईल तिथपर्यंत जा. पुढचा रस्ता त्याचा मेहुणा दाखवील. पत्र लिहू नकोस. मला नाही, आत्याला तर नाहीच. बॉयलरचं काम कुठेही मिळतं, पण काही वर्षं दुसरं काहीतरी कर.

मी त्यांना गुरुवारपर्यंत थोपवतो, आणि त्या दिवशी स्टेशनवर गुंतवून ठेवतो. ते कसं, ते विचारू नकोस. मला आयुष्यभर सगळ्याची भीती वाटली. आता वाटत नाही असं नाही, वाटते. पण पिशवीतून तुझा डबा बाहेर काढला आणि परत फळीवर ठेवला.

स्वेटर पाठवतोय. घाल. ऐटीत फिरू नकोस.

बाबा

*

२ डिसेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून मनावरचं ओझं उतरलं. तू म्हणतेस ते सगळं मला पटलं. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत पटलं.

पोराला गुरुवारच्या गाडीने पाठवतोय. तिकीट काढलंय. तुझी वहिनीही येते आहे. तू विचारलंस म्हणून इतकी हरखली की काही विचारू नकोस. गुडघे दुखतातच, पण तुला भेटायचं म्हटल्यावर तिला कोण अडवणार? तिला खिडकीजवळच बसवीन. तिच्या अंगावर निळी शाल असेल. पोरगा तिला सोडून पुढे जायचा नाही, तेव्हा आधी तिला शोधा, म्हणजे तोही सापडेल. जावईबापूंना आणि सोबतच्या मंडळींना सांग, घाई करू नका. ती गर्दीत उतरत नाही. सगळी गाडी रिकामी झाल्यावर शेवटी उतरते. नाहीच दिसली तर पुढच्या गाडीपर्यंत थांबा. तिला निघायला नेहमीच उशीर होतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ज्यांनी पोराला आसरा दिला त्यांचा पत्ता तुझी वहिनीच सांगेल. तो तिलाच नीट माहीत आहे.

इकडे गुरुवारी कारखान्यात शोकसभा आहे. सगळ्यांना पांढऱ्या कपड्यांत यायला सांगितलंय. फोटो काढणार आहेत, तो जुना फोटो लोकांच्या डोक्यातून जावा म्हणून. कोणी कुठे उभं राहायचं, मान किती खाली घालायची, हे मुकादम रोज पाळी सुटल्यावर शिकवतो. गोदामातले साहेबांचे सगळे चेहरे आणून भिंतीला लावलेत. सभेच्या सुरुवातीला भोंगा वाजवायचाय. पोरगा नाही, म्हणून मॅनेजर माझ्याकडे आला. स्वतः घरी आला, चहासुद्धा घेतला. मी हो म्हटलं. दोरी अजून तीच आहे, हाताला ओळखीची.

चिमे, आपली रीत तुला आठवतेच. आपलं माणूस गेलं की त्या दिवशी भोंगा कसा असतो ते. मी रीत सोडलेली नाही, सोडणारही नाही. सभा भरलेली असेल, सगळे माना खाली घालून वाट बघत असतील, आणि मी दोरीपाशी असेन. मग जे व्हायचं ते होईल. लोकांना काय समजायचं ते समजेल.

ही ओळ लिहितोय तेव्हा खिडकीतून पांढरी गाडी दिसतेय. आता ती फाटकाशी नाही, आपल्या गल्लीत आहे. नळावरची म्हातारी त्यांच्याशी बोलतेय. ती भोळी आहे, विचारलं ते सगळं सांगते. शेजारच्या घरात कोण राहतं, कोण आता राहत नाही, सगळं. म्हणून हे पत्र आत्ताच टाकून येतो.

तू जपून राहा. तुझ्या जिभेला जप. दुसऱ्या कोणाची अशी जीभ मी पाहिली नाही. आणि वहिनी भेटली की तिला म्हणावं, मीही येतोय, मागोमाग.

तुझा,
दादा